घरच्या घरी व्हील अलाइनमेंट मोजताना: कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर

गाडी साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, पंधरा इंची रिम. पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड बाहेरच्यापेक्षा स्पष्ट जास्त झिजली आहे. ट्रेडवरून (टायरचा रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) आडवा हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत लागतं, उलट्या दिशेने बोटाला धार लागते. सपाट सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे वळलेलं राहतं. ही टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाकाचा आत-बाहेर वळलेपणा, बिघडल्याची लक्षणं. नुसत्या कॅम्बरनेही (समोरून बघितल्यावर चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) एक कड झिजते, पण ट्रेडच्या ठोकळ्यांना अशी धार येत नाही.

ठरवलंय असं की आधी फक्त मोजायचं. गाडी हलवून, परत जागेवर आणून तोच आकडा दुसऱ्यांदा मिळेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही.

सर्व्हिस मॅन्युअलमधले आकडे इथे उतरवून ठेवतो. पुढचा कॅम्बर उणे ३० मिनिटं (उणे म्हणजे चाकाची वरची बाजू आत कललेली, मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), कमी-जास्त ४५ मिनिटांची सूट. पुढचा एकूण टो १० मिनिटं टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली; बाहेर असली तर टो-आउट), सूट १०. कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने बघितल्यावर मागे असलेला कल) साडेतीन अंश, सूट ४५ मिनिटं. मागचा कॅम्बर उणे १ अंश २० मिनिटं, मागचा एकूण टो २० मिनिटं टो-इन, सूट १५.

एक सावधगिरी आत्ताच लिहितो. मॅन्युअल अंश आणि मिनिटांत बोलतं, डिजिटल अँगल गेज दशांशात. मॅन्युअलमधले ३० मिनिटं म्हणजे गेजवरचे ०.५०, ०.३० नव्हे. वहीत दोन रकाने करा, नाहीतर कधीतरी हे दोन आकडे एकमेकांत मिसळणारच.

३ नोव्हेंबर

मोजण्याआधीची तपासणी. पुढचं चाक जॅकवर उचलून, स्टँड लावून, डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवलं: टाय रॉडच्या (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) टोकात खेळ नाही. वर-खाली धरून हलवलं: बेअरिंग आणि बॉल जॉइंट ठीक. इथे जर खडखड लागली असती तर पुढचं सगळं काम व्यर्थ, कारण ढिल्या जॉइंटवर कुठलाच आकडा टिकत नाही. चारही टायरांत हवा समान केली. डिकीतलं सामान उतरवलं.

८ नोव्हेंबर: जमीन

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि जायलाच हवा होता.

पार्किंगची जागा डोळ्याला सपाट दिसते. पहिल्यांदा लांब पाणसळ ठेवून बघितली, तर बुडबुडा जवळपास मध्येच. पण चार चाकांच्या चार जागा एकमेकांपासून दीड ते अडीच मीटर लांब आहेत, आणि पाणसळ एका वेळी त्यातला तुकडाच बघते. म्हणून पारदर्शक लेव्हल ट्यूब घेतली, गवंडी वापरतात तशी. नळीत हवेचा एक जरी बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं. पाणी भरताना नळी एका टोकाकडून हळूहळू उचलत गेलं की बुडबुडे निघतात. पाण्यात थोडी शाई टाकली तर कड नीट दिसते.

निकाल: मागची डावी जागा सगळ्यात उंच. तिच्या तुलनेत पुढची डावी २ मिमी खाली, मागची उजवी ६ मिमी, पुढची उजवी ९ मिमी. म्हणजे पुढच्या दोन चाकांमध्ये ७ मिमीचा फरक. माझ्या गाडीचा पुढचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, १४७५ मिमी आहे, तेव्हा हा उतार झाला पाव अंशाहून थोडा जास्त. गाडी उजवीकडे कलते, उजव्या चाकाचा कॅम्बर तेवढा धन बाजूला सरकतो आणि डाव्याचा तेवढाच ऋण बाजूला. दोन चाकांतला खोटा फरक अर्ध्या अंशाच्या वर. मॅन्युअलची सूट पाऊण अंश असताना जमिनीनेच अर्धा अंश खाल्ला तर मोजायचं काय!

उपाय: ३ मिमी प्लायचे चौकोनी तुकडे. उजव्या पुढच्याखाली तीन, उजव्या मागच्याखाली दोन, डाव्या पुढच्याखाली २ मिमीच्या व्हिनाइल फ्लोअरिंगचा एक. तुकडे टायरच्या टेकणाऱ्या भागापेक्षा चांगले मोठे हवेत. जमिनीवर खडूने चारही जागा आखून ठेवल्या, म्हणजे पुढच्या वेळी नळीचा खेळ परत नको.

ज्यांना हे करायचं नाही त्यांच्यासाठी सोपी वाट: दोन चाकांच्या टेकण्याच्या जागांमध्ये एक सरळ पाइप आडवा टाकायचा आणि अँगल गेज त्यावर शून्य करायचं. कॅम्बरपुरतं हे चालतं, जमीन नुसती उतरती असेल आणि पिळलेली नसेल तर.

९ नोव्हेंबर: अँगल गेज

आधी फोनवरचं ॲप वापरून पाहिलं. कॅमेऱ्याचा उंचवटा असल्यामुळे फोन पाठीवर सपाट टेकत नाही, आणि कडेवर उभा धरला तर कड गोलसर. सोडून दिलं.

डिजिटल गेज घेतलं. संपूर्ण कामात विकत घेण्यासारखी वस्तू हीच. बाकी बहुतेक घरात किंवा भंगारात मिळतं. गेजची स्वतःची चूक तपासायला उलटापालट करावी: एका पृष्ठभागावर ठेवून वाचायचं, मग त्याच जागी टोकं अदलाबदल करून वाचायचं. दोन आकडे उलट चिन्हाचे पण सारखे आले तर गेज खरं. माझ्यात ०.१ अंशाचा फरक आला, तेव्हा चूक त्याच्या निम्मी. चालण्यासारखं आहे.

टायरच्या कडेवर पट्टी टेकवून कॅम्बर मोजू नका. टायर खाली जमिनीजवळ फुगलेला असतो, शिवाय कडेवरची अक्षरं उठावाची. ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपला दोन सारख्या लांबीचे बोल्ट बसवले, ते रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकतात. पाइप उभा आहे ना, हे शेजारी ओळंबा सोडून बघितलं.

रिम स्वतः किती वाकडी आहे हेही त्यातच सापडतं. उजव्या पुढच्या चाकावर आधी उणे ०.७ आलं. चाक अर्धा फेरा फिरवून परत मोजलं तर उणे १.१. चाक तेच, सस्पेन्शन तेच, फक्त रिमची कड वेगळी. खरा कॅम्बर दोन्हींची सरासरी, उणे ०.९. एकदाच मोजून निघालो असतो तर कुठल्या बाजूला चुकलो असतो हे रिमच्या नशिबावर.

आजचे आकडे: पुढे डावा उणे ०.४, उजवा उणे ०.९. मागे उणे १.३ आणि उणे १.४. सगळे मर्यादेत. उजवा जरा कडेला आहे, पण आत आहे.

१५ नोव्हेंबर: टो, फसलेली पद्धत

दोन टायरांच्या ट्रेडमधल्या खाचा धरून टेपने पुढून आणि मागून अंतर मोजणं ही सगळ्यांना माहीत असलेली रीत. दर वेळी वेगळा आकडा येतो. कारणं तीन सापडली. ट्रेडची खाच साच्यातून येते, ती चाकाच्या फिरण्याला तंतोतंत समांतर नसते. टेपला झोल पडतो. आणि हबच्या उंचीला टेप सरळ जातच नाही, मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स आडवे येतात.

चौथं कारण मोठं. मोजण्याआधी गाडी जॅकवरून उतरवलेली होती. स्वतंत्र सस्पेन्शन असलेली गाडी खाली येते तेव्हा चाकं बाहेर पसरायला बघतात, पण टायर जमिनीला चिकटून बसतो आणि ताण आतच राहतो. गाडी काही मीटर पुढे ढकलली की चाकं आपल्या जागी येतात आणि आकडा बदलतो. ढकलल्यावर ब्रेक मारून थांबवू नये. आपली आपण थांबू द्यावी आणि मग चाकांना अडण्या लावाव्यात.

१६ नोव्हेंबर: टो, चाललेली पद्धत

खाच सोडून दिली. चाक उचलून ट्रेडच्या मध्यावर खडूचा रुंद पट्टा ओढला. लाकडी ठोकळ्यात ठोकलेला खिळा जमिनीवर घट्ट धरून चाक हाताने फिरवलं. खडूवर केसाएवढी रेघ उमटली, आणि फेरा पूर्ण झाल्यावर ती सुरुवातीच्या टोकाला बरोब्बर मिळाली. न मिळाली तर ठोकळा हलला, पुसून परत. ही रेघ चाकाच्या फिरण्याशी इमान राखते, टायर किंवा रिम कितीही वाकडी असो.

टेपऐवजी सरळ पाइपवर दोन उभ्या टोकदार सळ्या बसवल्या, टोकं जमिनीपासून २०० मिमीवर. चाकांच्या मागच्या बाजूला सळ्या दोन्ही रेघांवर जुळवल्या, एक सळी सैल ठेवून घट्ट केली, मग तोच पाइप पुढच्या बाजूला नेला. डावी सळी रेघेवर, तर उजवीकडे टोक आणि रेघ यात जे अंतर दिसतं तेच माप. दीड मीटर लांबी मोजायचीच नाही, फक्त हे चार-पाच मिलिमीटर व्हर्निअरने मोजायचे.

अंशात बदलताना टायरचा पूर्ण व्यास धरू नये. त्याची त्रिज्या साधारण ३०० मिमी, मी मोजतोय हबच्या १०० मिमी खाली, तेव्हा पुढच्या आणि मागच्या बिंदूंमधलं अंतर ६०० नसून ५६६ मिमी. पुढचं अंतर मागच्यापेक्षा ५ मिमी जास्त निघालं, म्हणजे सुमारे अर्धा अंश टो-आउट. हवं होतं १० मिनिटं टो-इन, आहे ३० मिनिटं टो-आउट. आतली कड का गेली ते कळलं.

२२ नोव्हेंबर: दोरी

एकूण टो कळला, पण कुठल्या चाकाचा किती? स्टिअरिंग वाकडं का? त्यासाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या लागतात.

स्टँडला दोरी बांधून एकेक बाजू जुळवत बसणं म्हणजे पाय लागला की पुन्हा पहिल्यापासून. त्याऐवजी दोन सारखे पाइप घेतले, दोन्हीवर १९०० मिमीवर करवतीने खाचा. एक पाइप पुढच्या बंपरपुढे, एक मागे, दोन्ही हबच्या उंचीला. खाचांमधून तंगूस ताणली. दोन्ही टोकांना अंतर सारखंच, म्हणून दोऱ्या आपोआप समांतर. मग फक्त चौकट गाडीवर मध्यभागी आणायची: पुढच्या हबच्या मध्यापासून दोरीपर्यंतचं अंतर डावीकडे-उजवीकडे सारखं, आणि मागच्याही. पुढचे आणि मागचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, जुळायचेही नाहीत. माझ्या गाडीचा मागचा ट्रॅक पुढच्यापेक्षा १० मिमी कमी आहे, त्यामुळे मागे दोरी प्रत्येक बाजूला ५ मिमी लांब. ट्रॅकचा हा फरक विसरून दोरी चारही हबपासून सारखी लावणं ही या पद्धतीतली नेहमीची गफलत.

स्टिअरिंग सरळ करून काठीने सीटशी बांधलं. आधी थोडं डावी-उजवी हलवून मध्ये थांबवलं, म्हणजे रॅकमधला (टाय रॉडना डावी-उजवीकडे सरकवणारा दातेरी दांडा) खेळ एका बाजूला साचत नाही. स्टिअरिंग लॉकवर भिस्त ठेवू नये, तो सरळ स्थितीत अडकेलच असं नाही.

फूटपट्टी रिमच्या पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला आडवी टेकवून दोरीपर्यंत वाचली. कडेपासून कडेपर्यंत रिम ४१५ मिमी. त्यावर १ मिमीचा फरक म्हणजे ८ मिनिटांहून किंचित जास्त. डोळा दोरीच्या अगदी समोर हवा. तिरकं बघितलं की अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे. इथेही चाक अर्धा फेरा फिरवून सरासरी.

पुढे डावं १ मिमी टो-आउट, ८ मिनिटं. पुढे उजवं अडीच मिमी टो-आउट, २१ मिनिटं. बेरीज २९, खडूच्या रेघेने ३० सांगितली होती. दोन वेगळ्या रीतींनी एकच आकडा आला तेव्हा पहिल्यांदा विश्वास बसला. मागे डावं ८ मिनिटं टो-इन, उजवं १७. एकूण २५, मर्यादेत. पण उजवं जास्त आत वळलेलं असल्याने मागचा धुरा गाडीला साडेचार मिनिटं डावीकडे ढकलतो. यालाच थ्रस्ट अँगल म्हणतात. या गाडीचा मागचा बीम एकसंध आहे, तिथे फिरवायला काहीच नाही. पुढच्या चाकांनाच या दिशेशी जुळवून घ्यावं लागेल.

आता स्टिअरिंगचा हिशेब. पुढच्या दोन चाकांची सरासरी दिशा साडेसहा मिनिटं उजवीकडे, गाडी चालायची साडेचार डावीकडे. फरक ११ मिनिटांचा. स्टिअरिंगचं गुणोत्तर (चाक एक अंश वळायला स्टिअरिंग किती अंश फिरतं) सोळाच्या आसपास धरलं तर स्टिअरिंगवर साधारण तीन अंश डावीकडे. रस्त्यावर दिसतं तेवढंच.

२३ नोव्हेंबर

कास्टर मोजला, थोडक्यात. चाक २० अंश बाहेर वळवून कॅम्बर वाचायचा, २० अंश आत वळवून वाचायचा, फरकाला १.४६ ने गुणायचं. डावा ३.४, उजवा ३.२. गेजची दोन वाचनं मिळून ०.२ ची चूक धरली तर कास्टरमध्ये ती ०.३ होते, त्यामुळे या आकड्याचा उपयोग डावं-उजवं जवळपास सारखं आहे आणि काही वाकलेलं नाही एवढं कळण्यापुरताच. या गाडीत कास्टर जुळवताही येत नाही.

यासाठी चाकाखाली सरकत्या पाट्या लागतात. दोन गुळगुळीत फरश्या ग्रीस लावून समोरासमोर ठेवल्या होत्या. गाडी उतरवताच वरची तडकली, कारण खालच्या प्लायला कडेला पोकळी होती. ३ मिमी लोखंडी पत्र्याच्या जोड्या केल्या, मध्ये ग्रीस. पुढची चाकं यामुळे ६ मिमीने उंच झाली, म्हणून मागच्या दोन्हींखाली आणखी दोन-दोन प्लाय. पुढची बाजू जॅकवरून पाट्यांवर उतरवली, बॉनेट दाबून हेलकावे दिले, तर दोन्हीकडचे वरचे पत्रे बाहेर सरकले आणि खालच्या पत्र्यावरची ग्रीसची चमकती कड चारेक मिलिमीटर उघडी पडली. पाट्या नसताना हाच ताण टायरमध्ये अडकून राहत होता.

२९ नोव्हेंबर: जुळवणी

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं परत मांडून मोजलं होतं, आकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत. आता पाना.

मागचा धुरा डावीकडे बघतो म्हणून पुढे दोन्हीकडे सारखे ५ मिनिटं देऊन चालणार नव्हतं. गाडीच्या मध्यरेषेच्या हिशेबाने डाव्याला जवळपास शून्य, उजव्याला साडेनऊ मिनिटं टो-इन हवा. म्हणजे डावं चाक साडेआठ मिनिटं फिरवायचं, उजवं तीस.

टाय रॉडचे आटे दीड मिलिमीटरचे, स्टिअरिंग आर्मची लांबी सुमारे १४० मिमी. एका पूर्ण फेऱ्याला चाक ३७ मिनिटं फिरतं. उजवीकडे फेऱ्याचे चार-पंचमांश, डावीकडे पाव. रॅक धुऱ्याच्या मागे असल्याने रॉड लांब केला की टो-इन वाढतो. रॅक पुढे असलेल्या गाडीत उलटं.

उजवा लॉक नट गंजून बसला होता. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं म्हणून निघाला. रॉड फिरवण्याआधी रबरी बूटची छोटी क्लिप सैल करा, नाहीतर बूट पिळतो आणि फाटतो. पांढऱ्या रंगाने रॉडवर खूण केल्याने किती फिरलं ते दिसत राहिलं.

वेळ खाल्ला तो लॉक नटने. बरोबर जुळवलेलं माप नट आवळताना सरकतं, कारण नटाबरोबर रॉडही थोडा फिरतो. दुसऱ्या पान्याने रॉडची चपटी बाजू धरून मगच आवळायचा, आणि आवळल्यावर परत मोजायचं. पहिल्या खेपेला आवळल्यावर एकूण टो १६ मिनिटांवर गेला होता. मर्यादेत होता, तरी परत सोडून जुळवला.

कॅम्बरला हात लावला नाही. स्ट्रटच्या (चाकाला धरणारा सस्पेन्शनचा उभा खांब) बोल्टांच्या भोकात जेवढा सैलपणा असतो तेवढं चाक बाहेर ढकलता येतं, पण मॅन्युअल तिथले नट दर वेळी नवे घालायला सांगतं, आणि कॅम्बर हलला की टो पुन्हा हलतो. लागणारच असेल तर कॅम्बर आधी, टो शेवटी.

६ डिसेंबर

आठवडाभर चालवून पुन्हा मोजलं. डावं शून्य ते १ मिनिट टो-इन, उजवं ८. एकूण ९ धरू. लॉक नट जागच्या जागी, स्टिअरिंग सरळ. स्थिरता नियंत्रण असलेल्या गाड्यांत स्टिअरिंगचा मध्य बदलला तर अँगल सेन्सरला नवं शून्य द्यावं लागू शकतं. माझ्याकडे दिवा लागला नाही.

झिजलेले पुढचे टायर मागे टाकले. आता पुढे आलेल्या टायरांवर हात फिरवला तर दोन्ही दिशांना सारखं लागतं. धार पुन्हा जाणवू लागली की दोऱ्या बाहेर काढीन. उजवा कॅम्बर स्ट्रट बदलायच्या वेळी बघणार, कारण तेव्हा ते बोल्ट सुटणारच आहेत आणि नवे नट तसेही लागतील.